मुठीची कडी

माझा उजवा हात मोटारसायकलवरून पडून मोडला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तसंच धरून चालतो. हात मोडला तो गुडगावातल्या एका नव्याकोऱ्या ऑफिसच्या लॉबीत. फरशी इतकी चकचकीत की तीत छतावरचे दिवे दिसत होते, आणि ती कोणीतरी नुकतीच पुसली होती. मी फॅक्स मशीन छातीशी धरून आत शिरलो आणि आडवा झालो. मशीनला ओरखडासुद्धा आला नाही. माझं मनगट मोडलं.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. गुडगावात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. इमारत तयार व्हायची, रस्ता मागाहून यायचा. वीज तर त्याहून मागाहून. पण आत शिरलं की गारेगार हवा, टाय लावलेली माणसं आणि त्यांची फॅक्स आणि फोटोकॉपीची यंत्रं. ती यंत्रं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, ही माझी नोकरी. कमरेला पेजर, पाठीला हत्यारांची पिशवी आणि बुडाखाली एक सेकंडहँड मोटारसायकल. पुण्याहून मी आलो तो याच नोकरीसाठी. एका जागी बसून राहायचं माझ्या अंगात नाही. टेबलापाशी बसलो की अर्ध्या तासात मला समोरच्या माणसाचा राग येऊ लागतो, त्याने काही केलेलं नसलं तरी.

राहायला आम्ही फरीदाबादला होतो. तिथं भाडं कमी होतं आणि बायकोला तिथल्याच एका शाळेत नुकतीच कायमची नोकरी लागली होती. घर तळमजल्याचं, दोन खोल्या आणि पुढे चार हात अंगण. अंगणात मोटारसायकल, तुळशीची कुंडी आणि कपड्यांची दोरी, एवढं मावायचं. तिसरं माणूस म्हणजे माझी आई. वडील गेल्यावर आम्ही तिला पुण्याहून घेऊन आलो होतो. ती आली, पण तिची ट्रंक काही आली नाही, असं बायको म्हणायची. म्हणजे ट्रंक पलंगाखालीच होती, पण आईने ती कधी रिकामी केली नाही. लागेल ती साडी काढायची, पुन्हा झाकण लावायचं. दोन वर्षं ती आमच्या घरात अशी राहिली, जसा गाडी लागायची वाट बघत माणूस फलाटावर बसतो. दिल्लीचं पाणी जड, भाज्या पचपचीत, लोक मोठ्याने बोलणारे, आणि कढीलिंब मागितला तर भाजीवाला कडुलिंब दाखवतो, अशी तिची यादी रोज वाढत होती.

प्लास्टर निघालं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. जुळलं होतंच. पण गाडीवर बसून ॲक्सिलरेटरची मूठ पिळून धरली की थोड्याच वेळात बोटांना मुंग्या यायच्या, मग तळहात बधिर व्हायचा. फरीदाबादहून गुडगावला डोंगरावरून रस्ता जातो. दोन्हीकडे कीकरची काटेरी झाडं, पुढे-मागे खडीचे ट्रक आणि थांबायला धड जागा नाही. मी मधेच कुठेतरी गाडी बाजूला घेऊन हात झटकत उभा राहायचो. ग्राहकाकडे पोचायला उशीर व्हायचा. दोन-तीन तक्रारी गेल्यावर साहेबांनी बोलावून घेतलं.

साहेब दिल्लीचेच, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "देखो यार, फील्ड में तो हाथ चाहिए. हाथ साथ नहीं दे रहा तो पुणे ऑफिस में डेस्क खाली है. घर का घर, आराम का आराम. सर्दियों तक देख लो, फिर बताओ."

कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, नशीब उघडलं. मला मात्र कोणीतरी खुर्चीला बांधायची दोरी दाखवल्यासारखं झालं. त्यात बायकोची नोकरी जाणार होती. इतकी वर्षं तात्पुरत्या नोकऱ्या करून ती आत्ता कुठे हजेरीपटावर कायम झाली होती. ती म्हणाली, "तुमचा हात महत्त्वाचा. नोकरी मिळेल मला तिकडे." असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आईचा चेहरा मात्र उजळला होता. तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. "देवाच्या मनात असेल तसं होईल," म्हणाली, आणि देवाच्या मनात पुणंच आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक ओढून बाहेर काढली आणि तळाशी नवीन वर्तमानपत्रं अंथरून पुन्हा भरली.

मूठ धरून ठेवणारी एक वस्तू असते, हे मला करोलबागेत कळलं. तिथल्या गल्ल्यांत परदेशी पाहुण्यांना मोटारसायकली तयार करून देणारी दुकानं आहेत. ते लोक तिथून थेट लडाखला जातात. मी तिथे आरसा घ्यायला गेलो होतो. एका गाडीच्या मुठीला पितळी काहीतरी लावलेलं दिसलं म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "थ्रॉटल लॉक है जी. रेस जित्थे छोड़ो, उत्थे ही खड़ी रहती है. हाथ नू आराम."

ॲक्सिलरेटरची मूठ आपण पिळली की गाडी पळते आणि सोडली की आतल्या स्प्रिंगने आपोआप मागे फिरते. ती मागे फिरू नये म्हणूनच हात सतत आवळून ठेवावा लागतो. हे यंत्र मुठीला तिथल्या तिथे थोपवून धरायचं, मग तळहात सैल सोडला तरी चालायचं. मी किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. मी आरसा घेतला आणि घरी आलो.

पण डोक्यात ते बसलं. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं उघडून बसणाऱ्या माणसाला एवढीशी वस्तू करता येऊ नये, याचा मला राग आला. रागाने माझी कामं नेहमीच लवकर होतात. रविवारी अंगणात बसलो. पाण्याच्या नळीवर आवळतात ती स्क्रूची क्लिप मुठीच्या टोकावर चढवली. क्लिपला बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी जोडली. कल्पना अशी की, मूठ हवी तेवढी पिळायची आणि अंगठ्याने ती पट्टी ब्रेकच्या दांडीवर टेकवायची. पट्टी अडली की मूठ मागे फिरणार नाही. आणि मुद्दाम जोर लावून उलट पिळली की क्लिप मुठीवर घसरेल आणि मूठ सुटेल. धरेल तर खरी, पण अडवणार नाही, एवढं जमलं की झालं.

ते जमेना. नुसती क्लिप मुठीवरून सरकायची. आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला तर तो इतका चिकटला की मूठ सुटेचना. बायको पान्हा धरून शेजारी बसली होती. म्हणाली, "कुकरची रिंग लावून बघा. ती धरतेही आणि फिरतेही." हे तिला रोज कुकर लावून कळलं होतं. मला बारा वर्षं यंत्रं उघडून सुचलं नव्हतं.

जुन्या रिंगा आईकडे. स्वयंपाकघरात एका खिळ्याला त्या टांगलेल्या असायच्या. निकामी झालेली कुठलीही वस्तू फेकायची नाही हा तिचा नेम. तिने एक रिंग काढून दिली, वर म्हणाली, "घ्या. आता कुकरच्या रिंगेवर नोकरी टिकवा." पण ती आत गेली नाही. दारात उभी राहून आमची खटपट बघत राहिली.

रिंगेची पट्टी कापून आत घातली आणि कडी बसली. आई तिला कडीच म्हणायची आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. मी अंगणात गाडी स्टँडवर चालू करून मूठ पिळली, पट्टी टेकवली आणि हात वर केला. इंजिन एका सुरात चालत राहिलं. बायकोने टाळी वाजवली. समोरचे सरदारजी गॅलरीतून म्हणाले, "वाह जी, ऑटोमैटिक." मला इतका आनंद झाला की मी सरदारजींना चहाला बोलावलं.

दोन-चार दिवस कडी लावून गेलो. फायदा होत होता, पण म्हणावा तसा नाही. स्प्रिंग आणि मुठीतून इंजिनाकडे जाणारी ॲक्सिलरेटरची तार दोन्ही जड होत्या, त्यामुळे पट्टी टेकवेपर्यंतच मनगट ठणकायचं. संध्याकाळी घरी आलो की मी हात पोटाशी धरून पलंगावर बसायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, ठीक आहे.

मग दसरा आला. घरात जे काही लोखंडाचं असेल, त्याची दसऱ्याला आई पूजा करते. विळी, सुऱ्या, तिचं शिवणयंत्र, माझी हत्यारं आणि गाडी. दिल्लीत आपट्याची पानं कुठून आणायची? तिने कॉलनीतल्या बागेतली कचनारची पानं आणली, दिसायला तशीच जुळी. गाडी तिने स्वतः पुसली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि नारळाच्या पाण्याने पुढचं चाक भिजवलं. मी आंघोळीला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती गाडीपाशी वाकून काहीतरी करत होती. मी म्हटलं, "काय करतेस?" म्हणाली, "काही नाही, पुसतेय."

दसऱ्यानंतर गाडीचं नशीब पालटलं. मूठ हलकी फिरू लागली. मुंग्या येईनाशा झाल्या. मी डोंगर न थांबता चढू लागलो. मला वाटलं, कडीमुळे हाताला विश्रांती मिळाली आणि हात सुधारला. ऑफिसात मी ज्याला त्याला कडी दाखवत सुटलो. नोव्हेंबरात तर ती इतकी छान चालू लागली की पट्टी टेकवली नाही तरी मूठ जिथल्या तिथे राही. मी बायकोला म्हटलं, "बघ, आता रबर मुठीवर रुळलं." साहेब भेटले की मी हात हलवून दाखवायचो. "बिल्कुल फिट, सर." ते म्हणायचे, "अच्छा है. सर्दी निकलने दो."

डिसेंबर लागला तेव्हा खरी थंडी पडली. एका सकाळी डोंगरावर धुकं होतं आणि पुढे खडीचा ट्रक. मी चढ चढून आलो आणि उतार लागला म्हणून मूठ उलट पिळली. ती हलली नाही. अंगठ्याने पट्टी खटकन सोडवली, पण मूठ तशीच. गाडी वेग कमी करेना. ट्रकची मागची पाटी धुक्यातून मोठी होत समोर आली. मी क्लच दाबला. इंजिन असं किंचाळलं की ट्रकच्या क्लीनरने मागे वळून बघितलं. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पायाचा ब्रेक दाबला आणि गाडी बाजूच्या चहाच्या टपरीपाशी नेऊन थांबवली. मला फार भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी चिडतो. तिथेच स्क्रू काढून कडी उपटली आणि कीकरच्या झुडपात फेकून दिली.

कडी काढली तरी मूठ अडलेलीच. मग राग कोणावर काढायचा, तेही कळेना.

टपरीवर चहा घेत बसलो. धुकं विरलं, गाडीवर ऊन पडलं. थोड्या वेळाने सहज मूठ फिरवून बघितली तर ती लोण्यासारखी फिरली. मी झुडपात शिरून काट्यांतून कडी शोधून आणली आणि खिशात टाकली. ऑफिसला पोचायला उशीर झालाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दुपारी गाडी शहाणी, सकाळी अडून बसलेली. मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटर. दुसरा म्हणाला, स्प्रिंग गई. साहेब फक्त म्हणाले, "सोमवारी सांगतो पुण्याला. कळवायला हवं ना त्यांना." साहेब हे हिंदीत म्हणाले होते, पण माझ्या आठवणीत ते मराठीतच राहिलं आहे, कदाचित त्यात पुण्याचं नाव होतं म्हणून.

रविवारी सकाळी मी अंगणात गाडीपाशी बसलो होतो. मूठ घट्ट. बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. आई न्हायला निघाली होती. केस मोकळे सोडलेले, खांद्यावर टॉवेल, हातात खोबरेल तेलाची बाटली. थंडीत तिचं तेल गोठायचं. पुण्यात इतकं कधी गोठत नाही, हीही दिल्लीविरुद्धची एक तक्रार होती. अंगणात ऊन फक्त गाडीच्या सीटवर येत होतं. तिने बाटली सीटवर उभी केली.

मी म्हटलं, "आई, गाडीवर काही ठेवू नकोस."

"इथेच ऊन येतं," ती म्हणाली. "विरघळलं की उचलते."

मी बाटलीकडे बघत बसलो. करायला दुसरं काही नव्हतं. पांढरं तेल कडेने पारदर्शक होत गेलं, मधे गोळा तरंगायला लागला. ऊन सरकत मुठीवर आलं होतं. मी मूठ पिळली. थोडी हलली. आणखी थोड्या वेळाने पूर्ण फिरली.

"माझ्या गाडीचं तुझ्या तेलासारखंच आहे," मी म्हटलं. "उन्हात ठेवली की सुटते."

आईने बाटली उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाली, "अरे, त्यात तेच आहे."

"कशात?"

"त्या तारेत. दसऱ्याला घातलं होतं मी. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा." आणि मला समजावं म्हणून तिने बोटांनी दाखवलं. "तार मुठीत जाते ना, तिथे कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब सोडलं. लहानपणी तुझ्या कानात घालायचे तसं."

बायकोच्या हातात माझा ओला शर्ट होता. ती तो तोंडाशी धरून हसायला लागली. म्हणजे दसऱ्यानंतर मूठ हलकी झाली ती माझ्या कडीने नव्हे. नोव्हेंबरात ती आपोआप जागेवर राहू लागली तेव्हा रबर रुळलं नव्हतं, तेल गोठू लागलं होतं. ज्या गोष्टीची मी गावभर फुशारकी मारली, ती माझी नव्हतीच.

"शिवणयंत्राचं तेल होतं ना घरात," मी ओरडलो. "ते घालायचं!"

"ते काळं, वासाचं. पूजेच्या दिवशी ते कसं घालू?"

मी तार काढली. बायकोने ती कपड्यांच्या दोरीला टांगली. वरून रॉकेल सोडलं, तेव्हा खालून खोबरेलाच्या वासाचं तेल बाहेर आलं. आई वाकून बघत होती. मग तिने स्वतःच आतून शिवणयंत्राच्या तेलाची चोचदार डबी आणून माझ्या हातात दिली.

तार सुकेपर्यंत आम्ही तिघं पायरीवर बसलो. माझा राग उतरला होता आणि त्याच्या खालून एक प्रश्न वर आला होता.

"आई, हात बरा झाला नसता तर आपण पुण्याला गेलो असतो. तुला तेच तर हवं होतं. मग तेल कशाला घातलंस?"

ती टॉवेलने केस पुसत होती, अजून न भिजलेले. "जायचं होतंच मला. आजही जायचंय. पण माझा मुलगा हात मोडला म्हणून परत आला, असं वाड्यातल्या बायकांना मी सांगत बसणार होते की काय?" मग म्हणाली, "आणि तू रोज येऊन हात पोटाशी धरून बसायचास. विचारलं तर ठीक आहे म्हणायचास. मला बघवत नव्हतं रे."

बायकोने तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि घडी घालत बसली. मी उठून तार बसवायला लागलो, कारण तेच एक मला येत होतं.

सोमवारी सकाळी अंगणात कडाक्याची थंडी होती. मूठ फिरवली, सोडली. चट्कन मागे गेली. कडीही लावली होती, इतक्या कष्टांची वस्तू खिशात कशी ठेवायची? डोंगर चढलो, उतरलो, ट्रकांच्या मागे-पुढे झालो. ऑफिसच्या दारात गाडी लावली तेव्हा लक्षात आलं की पट्टी एकदाही टेकवली नाही. हाताला मुंग्या नव्हत्या. मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि त्यांचा हात हातात घेऊन दाबला. ते कळवळले. "अरे यार, छोड़. नहीं भेजता पुणे," म्हणाले, आणि बोटं चोळत हसले.

ऑफिसपुढच्या टेलिफोन बूथवरून बायकोच्या शाळेत फोन लावला. शिपायाने तिला वर्गातून बोलावून आणलं. मी म्हटलं, "राहिलो." पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आईंना मी सांगू का, की तुम्ही सांगाल?"

"तू सांग," मी म्हटलं. मला आईच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. तिचं पुणं माझ्यामुळे गेलं होतं आणि माझा हात तिच्यामुळे आला होता.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा दोघी आतल्या खोलीत होत्या. पलंगाखालची ट्रंक खोलीच्या मधोमध उघडी होती. साड्या पलंगावर, देवाचं वस्त्र, वडिलांचा चष्मा, तळाची वर्तमानपत्रं. आईने मला बघितलं आणि विचारलं, "हात कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

"हं," म्हणाली, आणि बायकोकडे वळली. "कपाटात मला एक कप्पा दे गं. रोज वाकून वाकून कंबर दुखते."

आम्ही दोघांनी मिळून तिला दोन कप्पे रिकामे करून दिले.